साहेब आत आहेत

ट्रेलरच्या पायरीवर उकडलेल्या चिकनची वाटी ठेवून मिस्त्री सकाळपासून अंगणात पालथे पडले होते, आणि साहेब मोटारीखालून त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. दोघांपैकी एकही जण माघार घ्यायला तयार नव्हता.

साहेब म्हणजे कुत्रा. काळाभोर, वासराएवढा, आणि आवाज असा की नवा पोस्टमन पत्र फाटकावरूनच भिरकावून निघून जायचा. पण हे सगळं बाहेरून. आतून साहेब छत्रीला भीत, फुग्याला भीत, आणि कुणी कपडे झटकले की पलंगाखाली जात. दुसरा कुत्रा म्हणजे कारकून. तपकिरी, बुटका, वयानं महिनाभर मोठा, एक कान कायम उभा. साहेब उठले की तो उठे, साहेब बसले की बसे, आणि साहेबांनी वाटीला तोंड लावल्याशिवाय स्वतःच्या वाटीकडे बघतही नसे.

ही नावं मिस्त्रींच्या बायकोनं ठेवलेली. बाईंनी नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं काढली होती, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्या दोन पिल्लं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एकतीस वर्षं साहेब म्हणाले बस की मी बसले. आता मी म्हणेन बस, आणि साहेब बसतील."

मिस्त्री लिफ्टचे मिस्त्री होते. पस्तीस वर्षं त्यांनी उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या, अडकलेली माणसं बाहेर काढली. उभं आयुष्य वरखाली करण्यात गेलं, आता जरा आडवं जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून त्यांनी भंगारात निघालेला एक ट्रेलर आणला. मोटारीच्या मागे जोडायचं, दोन चाकांवरचं लहानसं घर. वर्षभर त्यांनी त्यावर काम केलं. दोन पलंग केले, घडीचं टेबल केलं, बाजूच्या खिडक्यांना जाळ्या लावल्या. आणि दार. दाराबद्दल ते कुणालाही थांबवून सांगत. आतली खिटी त्यांनी स्वतः घडवली होती. एकदा पडली की वादळ आलं तरी दार उघडायचं नाही. तीन तासांच्या अंतरावर एक तळं होतं, काठावर ट्रेलर लावायची सोय होती, आणि येत्या रविवारपासून चार दिवसांची जागा त्यांनी सांगून ठेवली होती.

बाईंची अट एकच होती. कुत्री येणार.

"मुलीच्या लग्नात आपण त्यांना त्या कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवलं होतं, आठवतंय ना?" त्या म्हणाल्या होत्या. "कारकून तीन दिवस जेवला नाही. साहेबांचा रडून रडून घसा बसला. पुन्हा ते पाप मी करणार नाही. कुत्री नाहीत, तर मी नाही. आणि मी नाही, तर तुम्ही एकटे तळ्याकाठी बसून काय करणार आहात, तुम्हाला चहासुद्धा धड येत नाही."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. मग आक्का आल्या.

आक्का म्हणजे मिस्त्रींच्या थोरल्या बहीण, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या खोलीत शिरल्या की माणसं आपोआप ताठ बसत. बरोबर दाजी होते. दाजींनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्याच्या चुका मुकाट्यानं दुरुस्त करायची सवय त्यांना तिथे लागली की लग्नानंतर, हे कुणी विचारलं नव्हतं.

आक्कांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, दोन ठिकाणी बोटानं टकटक केलं आणि म्हणाल्या, "डबा चांगला आहे. पण तुझी कुत्री यात बसायची नाहीत. तळ्याकाठी गळे काढतील आणि आजूबाजूचे लोक तुम्हाला हाकलून लावतील. त्यापेक्षा मला दे. माझ्या बागेतल्या फावड्या-घमेल्यांना छप्पर नाही."

वर्षभर ज्या लाकडाला मिस्त्रींनी तळहातानं गोंजारलं होतं, तिथे घमेली.

"बसतील," ते म्हणाले.

"किती वेळ?"

"हवा तितका वेळ."

"एक तास," आक्का म्हणाल्या. "दार लावून, एकदाही न भुंकता. शनिवारी चारच्या आत करून दाखव. नाहीतर मी ओढायची गाडी घेऊनच येते."

वयाच्या चौथ्या वर्षापासून आजवर मिस्त्री आक्कांशी एकही वाद जिंकले नव्हते. पण बाईंनी डोळे वटारायच्या आत ते "चालेल" म्हणून बसले. मग बाईंनी वही काढली, अट शब्दन् शब्द लिहिली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. साक्षीदार म्हणून दाजींपुढे वही आली. दाजींनी चष्मा पुसला, मजकूर वाचला, म्हणाले, "'भुंकता'मधला उकार ऱ्हस्व हवा," तो दुरुस्त केला आणि सही केली. त्या भेटीत ते एवढंच बोलले.

सोमवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सल्ला दिला. "ओढू नका, ढकलू नका, रागावू नका. आधी वाटी दाराशी, मग पायरीवर, मग आत. घरातला वास आत न्या. आणि तुम्ही स्वतः आत बसा. तुम्ही निवांत दिसलात की ती निवांत होतात."

"आणि चालत्या ट्रेलरमध्ये?"

"त्यात कुणीच बसायचं नाही. प्रवासात कुत्री मोटारीत, मुक्कामाला ट्रेलरमध्ये."

बाईंनी हे सगळं वहीत उतरवलं. समासात तारीख घातली.

तर वाटी पायरीवर होती, मिस्त्री पालथे होते, आणि हा मंगळवार होता. दुपारपर्यंत साहेब मोटारीखालून निघाले. एकेक पाऊल टाकत पायरीशी आले. मागचे पाय त्यांनी जमिनीवरच ठेवले आणि पुढचं अंग लांबवत, लांबवत वाटीपर्यंत नेलं. साहेब एवढे लांब आहेत हे त्या दिवशी प्रथमच घरात सगळ्यांना कळलं. मग त्यांनी एक पंजा आतल्या फरशीवर टेकवला. ट्रेलर किंचित दबला, कुठेतरी बारीकसं करकरलं, आणि पुढच्या क्षणी साहेब पुन्हा मोटारीखाली होते. त्यांच्यामागे, काय झालं ते न विचारता, कारकूनही.

"भित्रा आहे मेला," बाई म्हणाल्या.

मिस्त्री मात्र पायरीशी गेले होते. त्यांनी स्वतः दोन्ही हात आतल्या फरशीवर टेकवून पाहिले. फरशी बोटभर खाली गेली. पस्तीस वर्षं त्यांनी माणसांना लिफ्टच्या दारात अडखळताना पाहिलं होतं. माणूस खोलीला भीत नाही, अंधाराला भीत नाही. पाऊल टाकलं आणि जमीन बोटभर खाली गेली की मात्र धीर सुटतो.

"अगं, त्याचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच गाढव आहे."

"हेही लिहू का वहीत?"

मिस्त्रींनी ट्रेलरच्या चारी कोपऱ्यांखाली जॅक लावले, पातळी बघितली, आणि मग ते हात-गुडघ्यांवर रांगत पायरी चढून आत गेले, वळले, तसेच रांगत बाहेर आले. कुत्र्याला काय वाटतं ते कुत्र्याच्या उंचीवरूनच कळणार, हा विचार त्यामागे होता. एकदा गेले, दोनदा गेले. तिसऱ्यांदा जाताना त्यांनी वाटीही हुंगली.

समोरच्या घरात एक निवृत्त परिचारिका राहत. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. गॅलरीतून त्यांनी हे पाहिलं आणि माणुसकीच्या नात्यानं आक्कांना फोन केला.

"तुमचे भाऊ चार पायांवर चालतायत."

"कोण? कुत्री?"

"भाऊ. वाटी हुंगत होते. मी घाबरवत नाहीये, पण लवकर दाखवलेलं बरं."

बुधवारी साहेबांनी चारी पाय आत टाकले. फरशी हलली नाही. ते जेवले, आणि मागोमाग कारकून जेवला. बाईंनी वहीत लिहिलं, "दोघे आत. मुक्काम : वाटी संपेपर्यंत."

गुरुवारी घरातला वास आत न्यायचं ठरलं. आधी साहेबांची गादी गेली. मग हॉलमधला गालिचा गेला, कारण त्यावर कारकून झोपतो. मग बाईंची जुनी शाल, मिस्त्रींची आरामखुर्ची, रेडिओ आणि शेवटी जेवणाची भांडी, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की तुम्हीही आत बसा. दुपारचं जेवण दोघांनी ट्रेलरमध्ये घेतलं. घडीच्या टेबलाखाली दोन्ही कुत्री शेपटी हलवत बसली होती. मिस्त्रींना वर्षभरात त्या डब्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

सिस्टरनी दुसरा फोन केला. "घर रिकामं करतायत. गालिचासुद्धा गेला. भांडण झालंय की घर विकलंय, ते कळत नाही. पण जेवले मात्र एकत्र."

"मी शनिवारी येतेच आहे," आक्का म्हणाल्या. "लवकर येते."

शुक्रवारी दाराची परीक्षा सुरू झाली. खिटी न पाडता नुसतं दार लोटायचं आणि बाहेर उभं राहायचं. एक मिनिट झालं. चार मिनिटं झाली. बाराव्या मिनिटाला फाटकाशी पोस्टमन आला आणि साहेबांनी गल्ली दणाणून सोडली. बाईंनी लिहिलं, "१२ मि. भुंकले. कारण : पोस्टमन." त्या संध्याकाळी मिस्त्रींनी आणखी दोनदा करून पाहिलं. एकदा नऊ मिनिटं, एकदा सात. आकडा उलट्या दिशेनं चालला होता.

"बारा मिनिटं काय, तास काय," मिस्त्री म्हणाले आणि जेवताना दोन घास कमी जेवले. ट्रेलरच्या भिंतीवर खिळा कुठे ठोकायचा यासाठी त्यांनी एकदा तीन दिवस विचार केला होता. आता तिथे फावडी टांगली जाणार होती.

शनिवारी दुपारी तरीही त्यांनी प्रवासाची तयारी केली. हत्यारांची पेटी आत ठेवली. किल्ली आतल्या खुंटीला लावली. मोबाइल टेबलावर ठेवला. बाईंनी कुत्र्यांना पोटभर जेवू घातलं आणि त्या थर्मास आणायला घरात गेल्या. मिस्त्री पाण्याची बादली आणायला नळाशी गेले. दार सताड उघडं होतं.

साहेबांना जेवणानंतर कशालातरी टेकायची सवय होती. ते दाराला टेकले. दार फिरलं. त्यांच्या अंगाच्या भारानं ते चौकटीत घट्ट बसलं, आणि आतून आवाज आला, खट.

मिस्त्रींनी बादली खाली ठेवली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तसाच आवाज यावा म्हणून त्यांनी ती खिटी चारदा कानशीनं घासली होती.

बाई थर्मास घेऊन आल्या, त्यांनी दाराकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं आधी मनगटाकडे पाहून वहीत लिहिलं, "२.५५. दार बंद."

"अगं, लिहितेस काय? किल्ली आत आहे."

"मग दुसरी किल्ली?"

"पेटीत."

"आणि पेटी?"

मिस्त्रींनी आत बोट दाखवलं. ते दाराशी गेले, दोनदा टकटक केलं आणि पस्तीस वर्षं जे वाक्य त्यांनी हजारो अडकलेल्यांना ऐकवलं होतं, ते त्यांच्या तोंडून आपसूक निघालं. "घाबरू नका. मी मिस्त्री बोलतोय. दहा मिनिटांत बाहेर काढतो."

आतून कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. त्यांनी बाजूच्या खिडकीतून डोकावलं. साहेब मिस्त्रींच्या पलंगावर उताणे पडले होते, चारी पाय छताकडे. कारकुनानं उशी घेतली होती. साहेब घोरत होते. पस्तीस वर्षांत मिस्त्रींनी आतले शांत आणि बाहेरचा कासावीस असा प्रकार पाहिला नव्हता.

त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी आणली, ती वाकली. तार आणली, ती अडकली. बिजागऱ्या बाहेरून दिसतही नव्हत्या, कारण त्या दिसू नयेत म्हणून त्यांनी दोन आठवडे खर्ची घातले होते. तीन वाजून दहा मिनिटांनी ते घामाघूम होऊन मागे सरले. "दार फार चांगलं झालंय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुःख होतं की अभिमान, हे त्यांनाही कळेना.

तेवढ्यात गल्लीत मोठी गाडी वळली. ओढून न्यायची, मागे आकडा असलेली. पुढे चालकाशेजारी आक्का ताठ बसल्या होत्या, आणि त्यांच्या आणि दाराच्या मध्ये चेपलेले दाजी. सिस्टर गॅलरीतून खाली उतरल्याच होत्या. त्यांनी मिस्त्रींची नाडी बघितली.

"आक्का, अजून चार वाजायचेत," मिस्त्री म्हणाले.

"वाजतील. आकडा लावून ठेवायला हरकत नाही."

गाडीवाला सावकाश उतरला. मोठ्या मिशा, दंडाएवढा साखळदंड. त्यानं ट्रेलरच्या दाराला हात घातला. "बंद आहे. आत कोण आहे?"

"साहेब आहेत," बाई म्हणाल्या. "आणि कारकून."

गाडीवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली. आवाज खाली आणला. "मग विचारा ना साहेबांना, किती वेळ लागेल."

"झोपलेत."

"कामाच्या वेळेत?"

"ते नेहमीचंच आहे."

गाडीवाल्यानं बिचकत खिडकीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टोपी पुन्हा डोक्यावर ठेवून तो म्हणाला, "बाई, आत जीव असताना मी ओढणार नाही. आमच्यात तसा नियम आहे. आधी यांना बाहेर काढा. मी चारपर्यंत आहे." आणि पायरीवर बसून त्यानं बाईंच्या थर्मासमधला चहा मागून घेतला.

आक्का पुढे झाल्या. सगळी शाळा जिच्यापुढे उभी राहायची, ती हाक त्यांनी घातली. "बाहेर या."

गल्लीतली तीन मुलं, जी नुसती बघायला आली होती, ती रांगेत उभी राहिली. आत साहेबांनी एक डोळा उघडला, शेपटी दोनदा गादीवर आपटली आणि डोळा मिटला.

"बहिरा आहे का हा?"

"नाही," बाई म्हणाल्या. "निवांत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या." मग त्यांनी मनगटाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उगवलं. "वन्सं, पस्तीस मिनिटं झाली."

"कशाला?"

"दार लागल्याला. अजून एकदाही भुंकले नाहीत."

मिस्त्रींच्या हातातली तार खाली पडली. इतका वेळ ते दार उघडायला धडपडत होते. आता ते दाराला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले. आक्कांनाही सगळं एका दमात उमगलं. दार उघडायला हवं, नाहीतर भुंकणं ऐकू यायला हवं, आणि हाताशी पंचवीस मिनिटं.

त्यांनी छत्री फटकन उघडून खिडकीपुढे धरली. साहेब झोपलेले होते, त्यांना दिसली नाही. त्यांनी मुलांना सायकलची घंटा वाजवायला लावली. कारकुनाचा उभा कान हलला, पण त्यानं साहेबांकडे पाहिलं, साहेब झोपलेले पाहिले आणि मान टेकली.

"कुत्र्याला कुत्र्याचाच आवाज लागतो," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या वॉर्डात एक रडलं की सगळी रडायची."

आक्कांनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात आता बारा-पंधरा माणसं होती. पण एकदा हाती घेतलेलं काम त्यांनी कधी अर्धवट सोडलं नव्हतं. त्या खिडकीशी वाकल्या, जाळीला तोंड लावलं आणि स्पष्ट, शुद्ध, शाळेतल्या उच्चारात म्हणाल्या, "भू."

आतून घोरण्याचा आवाज येत होता.

बाईंनी लिहिलं, "३.३७. एकदा भुंकणं ऐकू आलं. कुत्र्यांचं नव्हे."

"तुम्ही आत जा," आक्का दाजींना म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मागची खिडकी उघडी आहे, तिला जाळीही नाही. तुम्हीच तेवढे मावाल. जा, आणि दार उघडा."

दाजींनी निमूटपणे बूट काढले, चष्मा खिशात ठेवला आणि मागच्या खिडकीत डोकं घातलं. खांदे अडले, मग गेले. कंबर अडली. गाडीवाल्यानं चहाचा पेला ठेवून त्यांचे पाय धरले आणि वाकवून आत लोटले. आत धप्प आवाज झाला. दाजी थेट साहेबांवर पडले होते.

मिस्त्रींनी डोळे घट्ट मिटले. हाच तो क्षण. आता गल्ली दणाणणार.

काहीच झालं नाही. डोळे उघडून त्यांनी खिडकीतून पाहिलं. साहेब दाजींचं कपाळ चाटत होते, आणि कारकून त्यांच्यासाठी उशीवरून थोडा सरकला होता.

"दार उघडा," आक्का बाहेरून म्हणाल्या.

दार हललं नाही.

"खिटी सापडत नाहीये का?"

"सापडली," दाजी म्हणाले.

"मग?"

आतून दाजींचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तास व्हायला किती राहिलाय?"

"अकरा मिनिटं," बाई म्हणाल्या.

"मग अकरा मिनिटांनी उघडतो."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. आक्कांनी खिडकीच्या जाळीवर टकटक केलं. "अहो, मी सांगतेय."

"ऐकू येतंय मला. पण इथे फार शांत आहे."

"हे धरायचं नाही," आक्का बाईंकडे वळल्या. "आत माणूस आहे."

बाईंनी वहीचं पान उलटलं आणि ज्या आवाजात त्यांनी एकतीस वर्षं अर्ज परत पाठवले होते, त्या आवाजात वाचलं. "'दार लावून, एक तास, एकदाही न भुंकता.' सोबत माणूस नसावा, असं यात कुठे नाही. खाली तुमची सही आहे, वन्सं. मजकूर दाजींनी तपासलेला आहे."

ती अकरा मिनिटं मिस्त्रींना पस्तीस वर्षांच्या नोकरीहून लांब वाटली. पाचव्या मिनिटाला फाटकाशी पोस्टमन आला. गाडीवाला झटकन उठला, अर्ध्या वाटेतच त्यानं पोस्टमनच्या हातून पत्र घेतलं, ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला उलट्या पावली गल्लीबाहेर नेऊन सोडलं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. नवव्या मिनिटाला आत कारकुनाला शिंक आली. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. "शिंक," त्या म्हणाल्या आणि लिहिलंही.

"झाला तास," त्या शेवटी म्हणाल्या. "तीन पंचावन्न."

खिटी वर झाली. दारात दाजी उभे राहिले, केस विस्कटलेले, गडद कोट कुत्र्यांच्या केसांनी भरलेला. त्यांच्या मागून साहेब आळस देत आले, पायरीवर थांबले आणि समोर एवढी माणसं टाळ्या वाजवताना पाहून घाबरून मिस्त्रींच्या दोन पायांमध्ये घुसले. मिस्त्री जमिनीवरच बसले. त्या काळ्या डोक्यावर हनुवटी टेकून ते काहीतरी म्हणाले, पण ते साहेबांशिवाय कुणाला कळलं नाही.

आक्का मुख्याध्यापिका होत्या. नियम म्हणजे नियम. त्यांनी वही मागवली, अटीखाली "हरले" असं लिहून तारीख घातली, आणि गाडीवाल्याला रिकामं परत पाठवलं. जाताना तो म्हणाला, "साहेब उठले की माझा नमस्कार सांगा," आणि मग साहेब समोरच आहेत हे लक्षात येऊन त्यानं तो प्रत्यक्षच केला.

"मी उद्या यांच्याबरोबर जाणार आहे," दाजी म्हणाले. त्या आठवड्यातलं हे त्यांचं सहावं वाक्य होतं.

आक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, जणू वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीनं पहिल्यांदा हात वर केला होता. "मीही येते," त्या म्हणाल्या. "दिवसभरासाठी. तिथे काय गोंधळ घालता ते बघायला कुणीतरी हवं. संध्याकाळी पाचच्या बसनं मी परत."

रविवारी मोटारीच्या मागच्या बाजूला बाई, दाजी आणि दोन्ही कुत्री बसली, पुढे मिस्त्रींशेजारी आक्का. तळ्याकाठी पोचल्यावर मिस्त्रींनी आधी चारी जॅक लावले, पातळी बघितली आणि मग दार उघडलं. माणसांपैकी कुणी पाऊल उचलायच्या आत साहेब आत होते, मागोमाग कारकून. पलीकडच्या ट्रेलरशी एक बाई तासभर आपल्या कुत्र्याला आत ओढत होती. ती हात थांबवून बघत राहिली. मिस्त्री खुर्ची टाकून दारात बसले. समोर पाणी चकाकत होतं, आणि जगात आडवं जाण्यासारखं सुख नाही, याबद्दल त्यांची खात्री पटली होती.

आक्कांनी सगळं तपासलं. कपाटं उघडून पाहिली, नळ सोडून पाहिला. "पलंग कडक असणार," त्या म्हणाल्या आणि तेवढं सिद्ध करायला काठावर बसल्या. मग पाय वर घेतले. मग पाठ टेकवली. बाहेर चहा होईपर्यंत त्यांना गाढ झोप लागली होती. साहेब त्यांच्या पाठीला पाठ लावून पसरले होते, आणि कारकुनानं त्यांच्या पावलांवर हनुवटी ठेवली होती.

साडेचारला बाई उठवायला निघाल्या. दाजींनी त्यांचा हात धरला. "असू दे," ते म्हणाले. पाचला रस्त्यावर बस थांबली, हॉर्न वाजवला आणि निघून गेली. तिघांपैकी कुणी खुर्चीवरून हललं नाही.

सहाच्या सुमारास आतून आक्कांचा आवाज आला. "बस गेली का रे?"

"गेली," मिस्त्री म्हणाले, आणि जीव मुठीत धरून वाट पाहू लागले.

आत पलंग करकरला. कुणीतरी जडसं कूस बदलत होतं.

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला, आणि त्या दुसऱ्याच कुणाशी तरी बोलल्या. "सरक जरा पलीकडे. माझे पाय अवघडलेत."